पन्हाळ्यामागील डोंगरी मुलुख : वस्तिनामे आणि वसाहतीचे थर

कोल्हापूर जिल्ह्यात कोडोली या नावाची दोन मोठी गावे आहेत. एक पन्हाळा तालुक्यात, वारणेच्या दक्षिण तीरापासून थोड्या अंतरावर. दुसरे हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोली, जेथे विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेस महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही प्रांतांतील धनगर समाज जमतो आणि वर्षाची भाकणूक ऐकतो. तिसरी एक कोडोली सातारा शहरालगत आहे. एकाच नावाची ही गावे एकमेकांपासून दूर, आणि त्यांची भूमीही एकसारखी नाही. प्रस्तुत लेखात पहिल्या, म्हणजे वारणाकाठच्या कोडोलीपासून आरंभ करून तिच्या पाठीमागे पश्चिमेकडे चढत जाणाऱ्या डोंगरी मुलुखाचा विचार करावयाचा आहे. येथे कोणते लोक, कोणत्या उंचीवर, कोणत्या क्रमाने वसले, हा प्रश्न इतिहासाचा आहे. परंतु त्याच्या उत्तराची बरीचशी सामग्री भाषाभ्यासकाच्या हाती आहे, आणि ती त्याने फारशी सावधपणे वापरलेली नाही, असे नम्रपणे म्हणावेसे वाटते.

प्रथम भूमीकडे पाहू. कोडोलीच्या उत्तरेस वारणा वाहते. दक्षिणेस जोतिबाचा डोंगर आणि नैर्ऋत्येस, मैदानापासून सुमारे चारशे मीटर उंचावलेला पन्हाळा. पन्हाळ्याच्या पश्चिमेस मसाईचे विस्तीर्ण पठार सुरू होते आणि पुढे डोंगराच्या सोंडा एकीत एक मिसळत विशाळगडापर्यंत, म्हणजे सह्याद्रीच्या मुख्य धारेपर्यंत जातात. या पठाराच्या एका अंगाचे पाणी वारणेस व दुसऱ्या अंगाचे कासारीवाटे पंचगंगेस मिळते. पावसाचे मान पश्चिमेकडून पूर्वेकडे किती झपाट्याने उतरते हे पाहिले म्हणजे लोकवस्तीतील भेदाचे निम्मे कारण आपोआप कळते. गगनबावड्यास वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, कोल्हापुरास सुमारे १,०००, आणि शिरोळास त्याच्या जवळजवळ निम्मा. आणि हा सारा उतार शंभर किलोमीटरांच्या आत घडतो. वर भात, नाचणी, वरी. खाली ज्वारी, तंबाखू, भुईमूग आणि अलीकडे सर्वत्र ऊस. वरच्या अंगास गवळी किंवा डांगे धनगर म्हशी राखून राहतात. खोऱ्यात मराठा-कुणबी शेतकरी व बलुतेदार जाती. पूर्वेकडील काळ्या जमिनीत जैन व लिंगायत यांचे प्रमाण वाढत जाते. गडांच्या आश्रयाने मुसलमान, रामोशी, बेरड, महार अशा अनेक जातींची वस्ती झाली, ती चाकरीमुळे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनने कोल्हापुरात काम सुरू केल्यावर पन्हाळा व कोडोली येथेही त्याची ठाणी झाली आणि कोडोलीस ख्रिस्ती वस्तीची भर पडली. एका दिवसाच्या चालीत इतके समाज ओलांडावे लागतात असा प्रदेश महाराष्ट्रात विरळाच.

हा डोंगर म्हणजे लोकांना अडविणारी भिंत होती, अशी समजूत पाठ्यपुस्तकांनी रूढ केली आहे. ती बाहेरून आलेल्या सैन्यांच्या अनुभवावर आधारलेली आहे. पंधराव्या शतकाच्या मध्यास बहमनी सरदार मलिक-उत्-तुज्जार याची फौज खेळण्याच्या, म्हणजे पुढील काळच्या विशाळगडाच्या, अरण्यात वाटाड्यांच्या भरवशावर शिरली आणि तेथेच कापली गेली. फरिश्त्याने त्या अरण्याचे जे भयाण वर्णन केले आहे, ते पराभूतांच्या बाजूचे वर्णन आहे. वाट दाखविणाऱ्यांना ते अरण्य तसे दिसत नव्हते, हे उघड आहे. ब्रह्मपुरी येथे १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकळिया व मो. गं. दीक्षित यांनी केलेल्या उत्खननाने सातवाहनकालीन कोल्हापूर प्रकाशात आले. ब्रह्मपुरीच्याच टेकाडात सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती व इतर रोमन धाटणीच्या वस्तू कोकणच्या बंदरांतून घाट चढूनच आल्या असणार. जोतिबाच्या पायथ्याची पोहाळ्याची लेणी आणि मसाईच्या कड्यातील पांडवदरा हीदेखील रहदारीच्या वाटांची खूण आहे; भिक्षूंना एकांत हवा असला तरी भिक्षाही हवी होती.

तेव्हा डोंगर ही वाट होती. त्या वाटेने आलेल्या माणसांनी मागे काय ठेवले, हे पाहण्यासाठी नावांकडे वळले पाहिजे.

पन्हाळा तालुक्यात कोडोली आहे, तशीच कोतोली आहे. वारणेच्या उगमाकडे चांदोली, घाटमाथ्यावर आंबोली, घाटाखाली दापोली, कणकवली. आणि उत्तरेस थेट बोरिवली-डोंबिवलीपर्यंत ही मालिका लांबते. या नावांतील उत्तरपद ‘पल्ली’ या शब्दापासून आले आहे, हे सामान्यतः मान्य आहे. ‘पल्ली’ संस्कृत कोशांत असला तरी मुळात तो द्राविडी ‘पळ्ळि’ होय, हेही बहुतेक अभ्यासक मानतात. वाद सुरू होतो तो येथून पुढे. नावात द्राविडी शब्द दिसला की गाव कानडी होते असे एका पक्षाने म्हणावे, आणि तो शब्द संस्कृत कोशात आहे असे दाखवून दुसऱ्या पक्षाने ते मराठी ठरवावे, असा प्रकार १९५६ च्या राज्यपुनर्रचनेच्या आगेमागे व पुढे महाजन आयोगाच्या काळात बराच चालला. शं. बा. जोशी यांच्या ‘मऱ्हाटी संस्कृती’ या ग्रंथाने हा विषय गंभीरपणे मांडला होता. त्यांच्या प्रतिपादनात पशुपालक हट्टीजनांना जे स्थान दिले आहे, त्याचा पुरता विचार मराठीत अद्याप व्हावयाचा आहे. परंतु त्यांच्यामागून आलेल्या वृत्तपत्री वादात ग्रंथाचे गांभीर्य राहिले नाही. गावाचे नाव म्हणजे जमिनीचे खरेदीखत नव्हे. ते कोणाच्या तोंडून कोणाच्या तोंडी गेले, एवढेच सांगते; मात्र ते काळजीपूर्वक विचारले तर पुष्कळ सांगते.

कोडोली या नावातील ध्वनींची परीक्षा करू. दोन स्वरांमधील ‘प’चा ‘व’ होणे हा मध्य भारतीय आर्य भाषांतील सार्वत्रिक बदल आहे : दीप-दिवा, ताप-ताव. पुढे ‘अव’चा ‘ओ’ होतो : लवण-लोण, नवनीत-लोणी. म्हणजे ‘-पल्ली’चे ‘-वली’ आणि ‘-वली’चे ‘-ओली’ होणे हे मराठीच्या स्वतःच्या वाटेने घडले आहे. तिसरा पुरावा सर्वांत सूक्ष्म व म्हणूनच सर्वांत विश्वसनीय आहे. जुन्या एकेरी ‘ल’चा मराठीत ‘ळ’ होतो (फल-फळ), तर जोड ‘ल्ल’चा ‘ल’ राहतो (गल्ल-गाल). कोडोली, कोतोली, चांदोली, आंबोली या सर्वांत ‘ल’च आहे. त्यांचे उत्तरपद ‘आळी’ किंवा ‘ओळ’ या शब्दांशी जोडता येत नाही. ‘ल्ल’ असलेल्या पल्लीशीच जोडले पाहिजे. तीन स्वतंत्र ध्वनिनियम एकाच मूळ रूपाकडे बोट दाखवितात, तेव्हा व्युत्पत्ती तर्कावर नव्हे तर नियमावर उभी राहते.

आता कानडीकडे पाहावे. कानडीत शब्दारंभीचा ‘प’ दहाव्या शतकानंतर हळूहळू ‘ह’ होऊ लागला आणि चौदाव्या शतकापर्यंत हा बदल बहुतांशी पूर्ण झाला : पळ्ळि-हळ्ळि, पोस-होस, पुलि-हुलि. चंदगड तालुक्यात होसूर नावाचे गाव आहे. ‘होस ऊरु’, म्हणजे नवे गाव. हे नाव ‘ह’कारयुक्त असल्यामुळे ते आजच्या रूपात कानडी भाषकांच्याच तोंडी घडले, आणि ‘प’चा ‘ह’ होऊ लागल्यानंतर घडले किंवा निदान टिकले, असे म्हणावयास हरकत नाही. त्याच तालुक्यातील कुदनूर, गडहिंग्लज तालुक्यातील हेब्बाळ, कळविकट्टे ही नावे याच कुळातील. ‘ऊर’ आणि ‘कट्टे’ यांचा अर्थ तेथील अनेक ग्रामस्थांना आजही सांगता येतो, कारण घरात नाही तरी बाजारात कानडी कानावर पडते. कोडोलीच्या शिवारात उभे राहून ‘ओली’चा अर्थ विचारला, तर ओल्या जमिनीची गोष्ट ऐकावयास मिळते.

म्हणून ज्यांना आपण सरसकट ‘द्राविडी नावे’ म्हणतो त्यांचे या जिल्ह्यात दोन निराळे थर आहेत, आणि ते एकत्र मोजणे ही पद्धतीची चूक आहे. आग्नेयेकडील थर अलीकडचा, मध्ययुगीन कानडी भाषेचा, अर्थपूर्ण आणि मैदानाशी जोडलेला. वायव्येकडील ‘-ओली’चा थर त्याहून पुष्कळ जुना, मराठीच्या ध्वनिबदलांतून पूर्णपणे पार पडलेला, अर्थ विसरलेला, आणि विशेष म्हणजे घाटाच्या दोन्ही अंगांना पसरलेला. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ फ्रँकलिन साउथवर्थ यांनी महाराष्ट्रातील ग्रामनामांतील या उत्तरपदाचा अभ्यास केला असून त्याची दाटी कोकणपट्टीत असल्याचे दाखविले आहे. त्यांच्या नकाशाला मी एवढीच पुरवणी जोडू इच्छितो की वारणा व कासारी यांच्या खोऱ्यांतील ‘-ओली’ नावे कानडी मैदानाची शेपटी नसून कोकणच्या मालिकेचा घाटमाथ्यावर आलेला भाग समजली पाहिजेत.

पूर्वपदाविषयी मात्र असा निर्णय देण्याचा मोह आवरावा. ‘कोड’ म्हणजे द्राविडी ‘कोडु’, शिंग किंवा शिखर, असे म्हणून कोडोलीस ‘शिखरापाशीची वस्ती’ ठरविणे सोपे आहे, आणि दक्षिणेस जोतिबा व पन्हाळा दिसत असल्याने ते मनासही पटते. परंतु पट्टणकोडोली मैदानात आहे. एकेका नावाचा अर्थ भूमीशी जुळवून पाहणे हा व्युत्पत्तीचा खेळ आहे. शेकडो नावांत पुन्हा पुन्हा येणारे उत्तरपद हाच पुरावा. शिलाहारांच्या कोल्हापूर शाखेचे शिलालेख संस्कृतात व कानडीत आहेत, यावरूनही कोणी खोऱ्यातील कुणब्यांची भाषा ठरवू नये. लेख खोदविणाऱ्याची भाषा व नांगर धरणाऱ्याची भाषा एक असते असा नियम नाही. पन्हाळा ही दुसऱ्या भोजाची राजधानी होती आणि तेराव्या शतकाच्या आरंभी सिंघण यादवाने ती जिंकली. या घडामोडीने राजभाषेचे पारडे मराठीकडे झुकले. काखे, जाखले, केखले, पोखले, आरळे ही कोडोलीभोवतालची नावे तशीच राहिली.

खोऱ्यातून वर चढू लागले की नावांची जात बदलते. इ. स. १६६० च्या जुलै महिन्यात सिद्दी जौहरचा वेढा चुकवून शिवाजीमहाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले, त्या वाटेने आज दरवर्षी शेकडो तरुण पायी जातात. ती वाट इतिहासाच्या विद्यार्थ्याने एकदा केवळ गावांची नावे ऐकण्यासाठी चालावी. पन्हाळ्याखाली म्हाळुंगे सोडले आणि मसाईचे पठार ओलांडले की कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, रिंगेवाडी, माळेवाडी, पाटेवाडी अशी ‘वाडी’ची रांग लागते. ‘-ओली’ मागे राहते. वाडीच्या नावात बहुधा झाड, पाणी किंवा भूमी नसते. जात असते, आडनाव असते, वतन असते. खोऱ्यातील गाव जमिनीवरून ओळखले गेले, वाडी माणसावरून. यावरून क्रमही कळतो. मूळ गाव भरले, भाऊबंदकी झाली, किंवा खोताला वा कुंभाराला जमीन मिळाली, आणि एक घराणे उतारावर चढून राहिले. त्याचे नाव सर्वांना ठाऊक होते म्हणून तेच वस्तीचे झाले. या वाड्या बोलीच्या दृष्टीनेही खोऱ्याच्याच लेकी आहेत. स्त्रीने ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणणे, किंवा ‘करायलाय’, ‘जायलाय’ ही क्रियापदरूपे पठाराच्या वाड्यांतही कोडोलीच्या बाजारातल्याप्रमाणेच ऐकू येतात.

त्याहून वर गेले की नावच नाहीसे होते. नकाशावर ‘धनगरवाडा’ एवढेच लिहिलेले असते. खालच्या एका गावाचा धनगरवाडा, पलीकडच्या गावाचा धनगरवाडा. महसुली दप्तरात ही वस्ती बहुधा खालच्या गावाची पुरवणी असते. तिला स्वतःचे गावठाण नसते. खोऱ्यातील गावाला भूमीचे नाव, वाडीला घराण्याचे नाव, आणि शिखरावरील वस्तीला केवळ जातीचे नाव, अशी ही उतरंड आहे. ती उंचीबरोबर चढते आणि मानाबरोबर उतरते.

मसाईच्या पलीकडील अशा एका वाड्यात काही वर्षांपूर्वी मी वही घेऊन बसलो होतो. एका वृद्ध बाईंना मी या जागेचे नाव विचारले. त्यांनी उलट विचारले, “कुठल्या जागंचं?” आणि मग हाताने दाखवीत त्या सांगू लागल्या. म्हशी उतरतात ती सोंड, उन्हाळ्यात आटणारे पाणी व न आटणारे पाणी, वीज पडली तो सडा, देवाचा दगड, जुना वाडा होता ती पडकी जोती. तासाभरात माझ्या वहीची चार पाने भरली. या नावांपैकी एकही नकाशावर नाही, असे मी म्हणालो, तेव्हा त्या म्हणाल्या, “नावं सगळ्याला हायती, मास्तर. तुमच्या कागदावर न्हाईत, त्याला आमी काय करावं?” माझ्या प्रबंधाच्या काळात मी ग्रामनामांच्या याद्या सरकारी सूचीवरून केल्या होत्या. त्या याद्यांवरून काढलेले निष्कर्ष खोऱ्यापुरते खरे होते. डोंगराविषयी त्यांना काहीच ठाऊक नव्हते, हे मला त्या दिवशी उमगले.

अर्थात पशुपालकांचा ठसा नोंदीत मुळीच उमटला नाही असे नाही. विशाळगडाच्या वाटेवरील पांढरेपाणी हे नाव पाणवठ्यावरून थांबण्याचे ठिकाण ओळखणाऱ्यांचे आहे. चांदोलीच्या अरण्यातील गोठणे हे त्याहून स्पष्ट. गोठण म्हणजे गुरे विसाव्यास बसण्याची जागा. पुढे तेथे शेती व घरे झाली तरी नावाने पहिला धंदा जपला. अशी नावे सह्याद्रीभर वेचून काढली, तर गुराखी आधी व शेतकरी मागाहून असा क्रम निदान काही ठिकाणी दाखविता येईल. गुंथर सोंथायमर यांनी बिरोबा, म्हसकोबा व खंडोबा या दैवतांच्या आधारे रानातून गावाकडे होणारा प्रवास मांडला, तो याच दिशेचा आहे. माधव गाडगीळ व कैलास मल्होत्रा यांनी पश्चिम घाटातील गवळी धनगर व कुणबी यांच्यातील उंचीनुसार झालेली वाटणी दाखविली : कुणबी खोऱ्यात व खालच्या उतारावर, गवळी वरच्या सपाटीवर. लोणी-तूप खाली यावे, धान्य वर जावे. दोघे एकमेकांच्या वाट्यास फारसे जात नसत. भाषेच्या बाजूने याला एवढी जोड देता येते की दोघांची नावे देण्याची रीतही निराळी होती. कुणब्याने वस्तीला नाव दिले, कारण तो वस्तीस धरून होता. धनगराने वाटेला, पाण्याला आणि सड्याला नाव दिले, कारण वाडा हलत असे. दप्तराने वस्त्यांची नावे मागितली, तेव्हा एकाजवळ देण्यासारखे उत्तर होते, दुसऱ्याजवळ नव्हते.

राज्यकर्त्यांनीही या मुलुखाला नावे व सीमा दिल्या. खेळण्याचा विशाळगड झाला, घोडखिंडीची पावनखिंड झाली. १३ एप्रिल १७३१ च्या तहाने वारणा ही सातारा व कोल्हापूर या दोन गाद्यांमधील सरहद्द ठरली. कोडोली दक्षिणेस, म्हणून कोल्हापुरात. मात्र म्हशींना तह ठाऊक नव्हता. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर गडांचे महत्त्व गेले आणि गडाच्या चाकरीवर जगणाऱ्या जाती खोऱ्यांत विखुरल्या. शाहूमहाराजांनी भोगावतीवर धरण आरंभिले, तेथील गावाला राजकन्या राधाबाई यांचे नाव मिळून राधानगरी झाली. १९५० नंतर तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने कोडोलीच्या शेजारच्या माळावर साखर कारखाना आणि त्याभोवती वारणानगर उभे राहिले. ‘नगर’ हे पद या खोऱ्यात नवे. ते नियोजनाबरोबर आले.

दप्तरात नाव नसण्याची किंमत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कळली. १९५८ मध्ये दाजीपूर-राधानगरीच्या अरण्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला. वारणेवर चांदोलीचे धरण झाले. १९८५ मध्ये तेथे अभयारण्य, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान, २०१० मध्ये कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, आणि २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत नाव. प्रत्येक टप्प्यावर लोकांना विचारले गेले ते महसुली गावाच्या नावाने. ज्याचे घर, शेत, सातबारा त्या नावाखाली होते त्याला निदान भांडता आले, आणि ते भांडण अनेक वर्षे चालले. उन्हाळ्यात एका सपाटीवर व पावसाळ्यात दुसऱ्या आडोशाला राहणाऱ्याने आपले गाव कोणते म्हणून सांगावे? चराईचा हक्क ज्या सोंडांवर व पाण्यांवर होता त्यांची नावे कोणत्याही अर्जाच्या रकान्यात बसत नव्हती. वनखात्याच्या कागदांत त्या जागांना कंपार्टमेंटचे क्रमांक आहेत.

आता एक नवाच थर पडतो आहे. धरणग्रस्तांच्या वसाहती खाली, सखल मुलुखात वसल्या. तेथील लोक जुन्या गावाचे नाव ‘वसाहत’ हे पद जोडून पुढे चालवितात, आणि डोंगरावरची नावे उसाच्या शेजारी पाटीवर लिहिलेली दिसतात. ज्या उंचीच्या नियमावर प्रस्तुत लेख उभा आहे, तो या वसाहतींना लागू पडत नाही. शंभर वर्षांनी ग्रामनामांची यादी करणाऱ्यास सपाट काळ्या जमिनीत एखादी गोठण आढळेल आणि येथे पूर्वी गुरे बसत असत असा निष्कर्ष तो काढील. त्याच्यासाठी वाड्यावाड्यांतून चार-चार पाने आताच लिहून घेतली पाहिजेत. सोंडा व पाणी दाखवून सांगणारी माणसे आज सत्तरीपलीकडे आहेत, आणि त्यांची नातवंडे कोल्हापूर-इचलकरंजीत कामास आहेत.